सापळेवाल्याच्या घरातले बीव्हर

१० डिसेंबर १९३७ रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात एका वेगळ्याच पाहुण्याचे व्याख्यान झाले. अंगात हरणाच्या कातड्याचा झालरदार अंगरखा, पायांत मऊ चामड्याचे मोकॅसिन, पाठीवर काळ्याभोर वेण्या, उन्हापावसाने रापलेला उभट चेहरा. समोर राजे सहावे जॉर्ज, राणी, आणि अकरा वर्षांची एलिझाबेथ व सात वर्षांची मार्गारेट या दोन मुली. पाहुण्याचे नाव होते ग्रे आउल, म्हणजे राखी घुबड. कॅनडाच्या अरण्यातला हा माणूस राजकन्यांना बीव्हर नावाच्या प्राण्याच्या गोष्टी सांगत होता. ती पिल्ले रडतात कशी, माणसाच्या मांडीवर झोपतात कशी, रात्रभर खपून बांध बांधतात कशी.

या माणसाने आयुष्याची वीसेक वर्षे त्याच बीव्हरांना सापळ्यात पकडून, त्यांची कातडी विकून आणि त्यांचे मांस खाऊन काढली होती, हे तोच सांगत असे. त्यात लपवाछपवी नव्हती. लपवलेले काही निराळेच होते, आणि ते चार महिन्यांनी, त्याच्या मृत्यूच्या दिवशीच, जगाला कळले. त्या गौप्यस्फोटाची चर्चा इतकी झाली, की सापळ्यांची गोष्ट मागेच पडली. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली मोठी गोष्ट तीच आहे.

त्याचे खरे नाव आर्चिबाल्ड स्टॅन्सफेल्ड बेलानी. जन्म १८ सप्टेंबर १८८८, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज गावी. बाप दारुडा आणि उधळ्या. घरचा पैसा उडवून तो अमेरिकेकडे निघून गेला. आई होती, पण मुलगा वाढला तो आजी आणि दोन अविवाहित आत्यांच्या घरात. थोरली आत्या एडा मोठी करडी. अभ्यास, पियानो, टापटीप यांत तिने पोराला असा आवळला, की त्याने आपले खरे जग घराच्या वरच्या मजल्यावर थाटले. तिथे साप, बेडूक, उंदीर पाळले. ज्यांना आपणही लहानपणापासून रेड इंडियन म्हणत आलो, त्या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांबद्दल मिळेल ते वाचले. बफेलो बिलचा प्रसिद्ध तमाशा गावात आला, तेव्हा आर्ची पंधरा वर्षांच्या आसपास होता. शाळा संपल्यावर त्याला एका लाकूडवखारीत कारकुनीला लावले. तिथे त्याने कचेरीच्या धुराड्यातून फटाक्यांची दारू खाली सोडली. नोकरी अर्थातच गेली. १९०६ च्या मार्चमध्ये, सतरा वर्षांचा असताना, तो कॅनडाच्या बोटीत बसला.

आता तो ज्या धंद्यात शिरला त्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडे असा धंदा नाही. बीव्हर हा उंदराच्या कुळातला प्राणी, पण आकाराने चांगला कुत्र्याएवढा. वजन वीस किलोच्या घरात. पुढचे दात नारिंगी आणि आयुष्यभर वाढणारे. त्यांनी तो झाडे पाडतो, फांद्या आणि चिखल रचून ओढ्यावर बांध घालतो, साठलेल्या पाण्यात काटक्यांचे घुमटासारखे घर बांधतो. घराचे दार पाण्याखाली. थंडीसाठी कोवळ्या फांद्यांचा साठा तळाशी रोवून ठेवायचा आणि वर बर्फ धरला की आत सुखाने राहायचे. नर-मादीची जोडी सहसा जन्माची, आणि पिल्ले दोन वर्षे आईबापांच्या घरातच. असा हा कुटुंबवत्सल, कष्टाळू जीव. त्याचे दुर्दैव एकच, त्याची लव. बाहेरच्या राठ केसांखाली जी दाट मऊ लव असते, तिचे फेल्ट उत्तम होते, आणि युरोपातल्या सभ्य पुरुषांना दोन-अडीचशे वर्षे त्या फेल्टच्या टोप्या हव्या होत्या. युरोपातले बीव्हर जवळजवळ संपले, तेव्हा नजर कॅनडाकडे वळली. १६७० मध्ये स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीचा व्यापार तर बीव्हरच्या कातड्याच्या हिशेबानेच चाले. एका बंदुकीला इतकी कातडी, एका कांबळ्याला इतकी. आज ज्याला कॅनडा म्हणतात त्या देशाचे कितीतरी नकाशे या प्राण्याच्या मागावर काढले गेले.

आर्ची उत्तर ऑन्टॅरिओतल्या टेमागामी तलावाच्या परिसरात पोहोचला. आधी तिथल्या एका जुन्या गोऱ्या वनवाटाड्याने त्याला बर्फावर चालायचे जाळीचे बूट वापरायला शिकवले, होडी वल्हवायला शिकवले. पण खरी शाळा पुढे होती. तलावातल्या बेअर आयलंडवर ओजिब्वे लोकांची वस्ती होती. तिथली एंजेली एग्वुना ही मुलगी त्याला भेटली. ती आणि तिची माणसे यांच्याकडून तो भाषा शिकला, आणि सापळ्याची विद्याही. २३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे लग्न झाले.

लोखंडी सापळा म्हणजे दोन जबडे, दोन्ही बाजूंना पोलादी पट्टीच्या स्प्रिंगा, मधे पाऊल पडताच सुटणारी तबकडी आणि बांधायला साखळी. तो कुणीही विकत घेऊ शकतो. कुठे लावायचा हे कळणे म्हणजे विद्या. बीव्हरच्या बांधाला थोडे खिंडार पाडायचे आणि त्याच्या तोंडाशी पाण्याखाली सापळा ठेवायचा. पाणी वाहून चालल्याचे कळले की बीव्हर दुरुस्तीला येतोच. त्याचा कामसूपणाच त्याला मारतो. सापळा असा लावायचा की पाय अडकताच घाबरून त्याने खोल पाण्याकडे बुडी मारावी आणि लोखंडाच्या किंवा बांधलेल्या दगडाच्या भाराने वर येऊ नये. तो बुडून मरतो. त्यातल्या त्यात हे मरण लवकरचे मानीत. जमिनीवरच्या सापळ्यात तेवढेही नाही. सापळ्यांची वाट मैलोन् मैल लांब असते. शिकारी फेरी पुरी करून येईपर्यंत पाय अडकलेले जनावर दिवसच्या दिवस गोठत्या थंडीत पडून असे, कधी स्वतःचा पंजा तोडून निसटे.

मिळालेल्या जनावरातले काही वाया जात नसे. बीव्हरचे कातडे पोटाकडून एका उभ्या छेदाने उघडायचे, चरबी आणि मांसाचे कण सुरीने खरवडून काढायचे, आणि लवचीक फांदीच्या कड्यात दोरीने ताणून ते गोल वाळवायचे. मिंक, मस्करॅटसारख्या लहान जनावरांचे कातडे मात्र पायमोजा काढावा तसे सबंध उलटे ओढून फळीवर चढवायचे. कातडी हिवाळ्यातलीच चांगली. उन्हाळ्यात लव विरळ होते आणि भाव मिळत नाही. मांस गडद रंगाचे आणि चरबीदार. उणे तीस-चाळीसच्या थंडीत दिवसभर चालणाऱ्याला चरबी लागतेच. नुसते सशाचे मांस खाऊन राहिलेला माणूस पोट भरलेले असूनही खंगत जातो, हे त्या मुलुखात सगळ्यांना ठाऊक. म्हणून बीव्हरच्या सपाट शेपटीला मोठा मान. ती जाळावर धरायची, वरची खवलेदार साल फुगून सुटली की सोलून टाकायची आणि आतला चरबीचा गर खायचा. याशिवाय त्याच्या अंगातल्या ग्रंथींमधून कस्तुरीसारखा उग्र वासाचा पदार्थ निघे. तो विकलाही जाई आणि दुसऱ्या बीव्हरला भुलवण्यासाठी सापळ्याजवळ लावलाही जाई.

पण ओजिब्वेंकडून त्याने आणखी एक गोष्ट शिकली, आणि तिचे मोल त्याला फार उशिरा कळले. त्यांच्यात प्रत्येक कुटुंबाचे शिकारीचे रान ठरलेले असे. आपल्या रानात बीव्हरची घरे किती, प्रत्येकात जनावरे किती, याची मोजदाद घरातल्या कर्त्या माणसाच्या डोक्यात असे. एका घरातली सगळी जनावरे कधी काढायची नाहीत. जोडी मागे ठेवायची. खाल्लेल्या बीव्हरची हाडे कुत्र्यांपुढे टाकायची नाहीत, ती पाण्याला परत द्यायची. आपल्याकडचा शेतकरी बियाणे बाजूला काढून मगच धान्य विकतो, तसाच हा हिशेब. शिकार ही चैन नव्हती आणि पापही नव्हते. ती शेती होती.

संसाराच्या बाबतीत मात्र आर्चीने कधी बियाणे राखले नाही. १९११ मध्ये मुलगी झाली, आणि थोड्याच दिवसांत तो एंजेलीला सोडून निघाला. बिस्कोटासिंग नावाच्या रेल्वेच्या गावी मारी जिरार्ड या तरुणीशी त्याचा संबंध आला. तिला मुलगा झाला आणि ती क्षयाने गेली. तोवर हा पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत पोहोचला होता. तिथे नेमबाज म्हणून काम केले, १९१६ मध्ये पाय जखमी झाला, उपचारांसाठी इंग्लंडला आणले, तर तिथे बालपणीच्या मैत्रिणीशी, आयव्ही होम्सशी, १९१७ मध्ये लग्न केले. एंजेली जिवंत आहे, लग्न मोडलेले नाही, हे तिला सांगितलेच नाही. मग एकटाच कॅनडाला परतला. हे सगळे एका परिच्छेदात उरकले म्हणून किरकोळ समजू नये. ज्या बायकांना त्याने मागे टाकले त्यांच्या वाट्याला ती वर्षे एकेक दिवसाने आली.

परत आल्यावर त्याने पाहिले ते रान निराळे होते. विसाच्या दशकात फरची फॅशन शिगेला पोहोचली होती. अमेरिकेतल्या कॉलेजांतले तरुण रकूनच्या कातड्याचे घोट्यापर्यंत लोळणारे कोट घालून फुटबॉलचे सामने पाहायला जात. रकून म्हणजे डोळ्यांभोवती काळा मुखवटा आणि शेपटीवर वलये असलेला, मांजरापेक्षा मोठा निशाचर. दक्षिणेकडच्या शेतवाडीत शेतकऱ्यांची पोरे खर्चाला चार पैसे मिळावेत म्हणून ओढ्याकाठी त्याला पकडीत; मांस घरी शिजे, कातडे बाजारात जाई. तसे ते आजही होते. उत्तरेत बीव्हर, मिंक, ऑटर यांचे भाव चढले आणि रेल्वेतून उतरणाऱ्या हौशी-नवशा शिकाऱ्यांची रीघ लागली. त्यांना रान माहीत नव्हते, पुढच्या वर्षी इथे परत यायचेही नव्हते. कुणी विष घातले, कुणी सुरुंगाने बांधच उडवले. जोडी मागे ठेवायची कुणासाठी? तुम्ही ठेवलीत तर दुसरा नेणार. ओजिब्वेंचे ठरलेले रान मोडले आणि त्याबरोबर हिशेबही मोडला. आर्ची तेव्हा उन्हाळ्यात वनरक्षक आणि हिवाळ्यात शिकारी होता, दारू पीत होता, आणि हे सगळे कडवटपणे बघत होता. बघत होता आणि स्वतःही सापळे लावीत होता.

१९२५ च्या उन्हाळ्यात टेमागामीला त्याला गर्ट्रूड बर्नार्ड भेटली. मोहॉक वंशाची, ओटावा नदीकाठच्या मॅटावा गावची, एकोणीस वर्षांची. हा सदतिशीला टेकलेला. पुढे तिला जग अनाहारिओ म्हणून ओळखू लागले. ती त्याच्यामागोमाग क्वेबेकच्या उत्तरेकडच्या रानात गेली आणि सापळ्यांच्या फेरीवरही गेली. बंदुकीची शिकार तिला परकी नव्हती. पण सापळ्यात अडकून दोन दिवस जिवंत असलेले जनावर आणि त्याच्या डोक्यात घातलेला दांडक्याचा घाव तिने पहिल्यांदा पाहिला. तिने आकांडतांडव केले नाही. ती फेरीवर जायची थांबली आणि बोलत राहिली. त्याच्याकडे उत्तर होते: पोट. ते उत्तर खोटेही नव्हते.

१९२८ च्या वसंतात गाठ पडली. हिवाळ्याची कमाई बेताची, डोक्यावर कर्ज. म्हणून त्याने एरवी टाळत असलेली गोष्ट केली, वीण चालू असताना सापळे लावले. एका घरातली मादी गेली. सापळे उचलताना घरातून पिल्लांचे बारीक आवाज ऐकू येत होते. अनाहारिओने विनवले, पण वेळ गेलेली होती. दुसऱ्या दिवशी तो परत तिकडे गेला. पाण्यावर काहीतरी तरंगताना दिसले, मस्करॅट असेल म्हणून त्याने बंदूक रोखली. तेवढ्यात त्या तरंगत्या जिवाने हलकीशी हाक दिली आणि दुसऱ्याने तिला ओ दिली. दोन पिल्ले होती, आई गेलेली. आपण केले ते आपणच निस्तरायला हवे, असे अनाहारिओने ठरवले. दोघांनी पिल्ले होडीत घेतली.

त्यांची नावे ठेवली मॅकगिनिस आणि मॅकगिंटी. बीव्हरच्या पिल्लांचे रडणे तान्ह्या मुलासारखे असते, हे वर्षानुवर्षे ऐकलेल्या माणसाला आता ते रात्री उशाशी ऐकावे लागले. पिल्ले अंथरुणात शिरत, दाढीत हात घालत, भूक लागली की भांडत, समजूत काढली की गळ्याशी बिलगून झोपत. घरात बसल्या बसल्या सरपणाच्या काटक्यांचे बांध घालत. आणि इथे त्या शिकाऱ्याची पंचाईत झाली. ज्याला तो आजवर कातड्याची प्रत आणि मांसाचे वजन म्हणून ओळखत होता, त्याला आता स्वभाव निघाला; एक हट्टी, एक जरा भित्रे. मनुष्य शेकडो जनावरे मारू शकतो. पण नाव ठेवलेले एक मारणे अवघड जाते. गावाकडे ज्यांनी हौसेने पाळलेला बोकड सणाला कापताना पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

त्याने बीव्हरची शिकार सोडायचे ठरवले. पण म्हणून खायचे काय, हा प्रश्न सुटला नाही. क्वेबेकच्या दक्षिण भागातल्या कबानो गावाजवळच्या रानात बीव्हर शिल्लक आहेत असे ऐकले, तिथे त्यांची वसाहत राखावी म्हणून दोघे दोन पिल्ले घेऊन आगगाडीने निघाले. तिथे पाहिले तर रान जवळजवळ रिकामे. १९२८-२९ चा तो हिवाळा एका ओंडक्यांच्या झोपडीत, लष्कराच्या तुटपुंज्या पेन्शनवर निघाला. रिकाम्या हातांनी त्याने लेखणी घेतली. इंग्लंडच्या 'कंट्री लाइफ' मासिकाने १९२९ मध्ये त्याचा लेख छापला. पैसे आले, आणखी लेखांची मागणी आली. मुळात त्याने सापळे सोडले ते लेखणीच्या जोरावर नव्हे. लेखणी सापडली ती सापळे सोडल्यामुळे.

मॅकगिनिस आणि मॅकगिंटी वर्षभर राहिले, आणि १९२९ च्या वसंतात एका रात्री पाण्यात गेले ते परतले नाहीत. दोघे कित्येक दिवस ओढे-नाले धुंडाळीत हाका मारीत फिरले. कुणाच्या तरी सापळ्यात गेले असतील, असेच त्यांना वाटत राहिले. आपण इतकी वर्षे दुसऱ्यांच्या घरांना जे केले ते आता आपल्या घराला झाले, हा हिशेब त्या माणसाला मांडावा लागला असणार. नंतर जेली रोल नावाची मादी आली. ती जन्मभर टिकली, आणि घराची मालकीणच होऊन बसली. सापळ्यात जखमी झालेला एक नर त्याने औषधपाणी करून वाचवला, तो रॉहाइड.

कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने या माणसावर आणि त्याच्या बीव्हरांवर चित्रपट काढला, आणि १९३१ मध्ये त्याला चक्क पगारावर नेमले. त्याच वर्षाच्या अखेरीस तो सॅस्कॅचेवानमधल्या प्रिन्स अल्बर्ट राष्ट्रीय उद्यानात, अजवान तलावाच्या काठी राहायला गेला. ती झोपडी पाहण्यासारखी होती. काठाला इतकी चिकटून, की जेली रोल आणि रॉहाइड यांनी आपले घर निम्मे बाहेर आणि निम्मे झोपडीच्या आत बांधले. पाण्याखालचा त्यांचा रस्ता थेट खोलीत उघडे. रात्री लेखकमहाशय टेबलाशी लिहीत बसलेले, आणि चिखलाचा गोळा छातीशी धरून दोन पायांवर चालत येणारी जेली रोल आपल्या भिंतीला गिलावा करते आहे, असा तो संसार. १९३२ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव शर्ली डॉन. 'पिल्ग्रिम्स ऑफ द वाइल्ड' हे आत्मकथन आणि साजो नावाच्या मुलीची बालकथा ही त्याची पुस्तके याच झोपडीतली. दोन्ही खूप खपली.

आणि दुसरीकडे सोंग वाढत होते. आपला बाप स्कॉटिश, आई अपाची, जन्म मेक्सिकोतला, असे तो सांगू लागला. केस रंगवी, त्वचा रापवी. निळ्या डोळ्यांचे काय, हे फारसे कुणी विचारले नाही. लोकांना जे पाहायचे होते ते तो दाखवीत होता. १९३५-३६ च्या ब्रिटन दौऱ्यात त्याने दोनशेहून अधिक व्याख्याने दिली, अडीच लाखांच्या आसपास लोकांनी ती ऐकली. लेस्टरच्या सभेत रिचर्ड आणि डेव्हिड अॅटनबरो हे दोन भाऊ होते. पुढे 'गांधी' काढणारा रिचर्ड आणि वन्यजीवांच्या मालिकांनी घराघरांत पोहोचलेला डेव्हिड ते हेच. रिचर्डने १९९९ मध्ये या माणसावर चित्रपट काढला. हेस्टिंग्जलाही व्याख्यान झाले. सभागृहात दोघी आत्या होत्या. त्यांनी ओळखले, आणि त्या गप्प राहिल्या. करड्या एडाआत्याचे ते मौन मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत मायेची गोष्ट वाटते.

१९३७ च्या दुसऱ्या दौऱ्यात बीबीसीवर मुलांसाठी त्याचे भाषण ठरले होते. कोल्ह्यांच्या पाठलागासारख्या खेळात आम्ही कधी भाग घेणार नाही, असे वचन त्याला मुलांकडून घ्यायचे होते. इंग्रज सरदारवर्गाचा हा लाडका खेळ. तेवढे वाक्य गाळा, असे बीबीसीने सांगितले. त्याने नकार दिला आणि भाषणच रद्द झाले. इथे त्याची पारख होते असे मला वाटते. पोटासाठी मारणे त्याने केले होते आणि ते तो नाकारीत नव्हता. मौजेसाठी मारणे त्याला सहन होत नव्हते. हौस आणि गरज यांतली ही रेघ त्याने स्वतःच्या हातांनी रक्तात ओढलेली होती, नुसती पुस्तकात वाचलेली नव्हती.

तोवर अनाहारिओ त्याच्यापासून वेगळी झाली होती. लेखक तासन् तास लिहीत बसे, आणि ती खाणींच्या शोधात एकटी रानोमाळ हिंडणारी बाई. झोपडीत बसून बीव्हर सांभाळण्यात तिचे मन रमेना. १९३६ मध्ये ते दुरावले. त्याने आणखी एक लग्न केले. दौऱ्यांनी आणि दारूने शरीर पोखरले होते. १९३८ च्या एप्रिलच्या सुरुवातीला तो अजवानला परतला, थोड्याच दिवसांत आजारी पडला, आणि १३ एप्रिलला प्रिन्स अल्बर्टच्या इस्पितळात न्यूमोनियाने गेला. वय एकोणपन्नास.

त्याच दिवशी 'नॉर्थ बे नगेट' या छोट्या वृत्तपत्राने बातमी फोडली: ग्रे आउल हा इंग्रज आहे. वृत्तपत्राला हे तीन वर्षांपूर्वीच, १९३५ मध्ये, कळले होते. सांगणारी होती एंजेली. पण हा माणूस चांगले काम करतो आहे, म्हणून संपादकाने बातमी दाबून ठेवली होती. आजच्या काळात असा संपादक सापडेल का, हा प्रश्न मनात येतो. आणि त्याच्या पाठोपाठ दुसराही येतो. नवऱ्याने टाकलेल्या एंजेलीचे म्हणणे तीन वर्षे खणात पडून राहिले, ते कुणाच्या भल्यासाठी?

आपल्याकडे भाऊसाहेबांचा तोतया झाला, त्याला गादी हवी होती. या तोतयाला काय मिळाले? एक झोपडी, बेताचा पगार आणि टाळ्या. म्हणून त्याला सोडून द्यावे असे अनेकांनी म्हटले. मला ते तितकेसे सोपे वाटत नाही. ज्या काळात कॅनडाचे सरकार मूळ रहिवाशांच्या मुलांना घरांतून काढून वसतिशाळांत कोंडत होते, त्यांची भाषा बोलण्याबद्दल शिक्षा करीत होते, त्याच काळात त्यांच्या वेषातल्या एका इंग्रजाला राजवाड्यात खुर्ची मिळाली. खरी मोहॉक वंशाची अनाहारिओ सभागृहाच्या बाहेरच होती. जोडी मागे ठेवावी, हाडे पाण्याला द्यावीत, हे ओजिब्वे पिढ्यान् पिढ्या सांगत होते. ते जगाने ऐकले नाही, सोंगाने सांगितले तेव्हा ऐकले. दोष सोंगाचा तर आहेच, ऐकणाऱ्यांचाही आहे.

पण सापळे त्याने खरोखर खाली ठेवले होते, त्यात सोंग नव्हते. त्या वेळी दुसरा धंदा हातात नव्हता, नाव नव्हते, वेषही पुरता ठरलेला नव्हता.

बीव्हर वाचले, पण ते त्याच्या एकट्यामुळे नव्हे. जेम्स उपसागराच्या काठी रूपर्ट हाउस येथे हडसन्स बे कंपनीचा एक अधिकारी जेम्स वॉट आणि त्याची बायको मॉड यांनी, तिथल्या क्री शिकाऱ्यांना बरोबर घेऊन, १९३० च्या दशकात बीव्हरसाठी राखीव रान केले. संख्या वाढेपर्यंत शिकार बंद, मग मोजून. पुढे प्रांतोप्रांती प्रत्येक शिकाऱ्याला ठरलेले रान नोंदवून देण्याची पद्धत आली. म्हणजे ओजिब्वेंचा जुना हिशेब सरकारी कागदावर आला. आज कॅनडात बीव्हर लाखोंनी आहेत, इतके की त्यांच्या बांधांमुळे शेते आणि रस्ते पाण्याखाली जातात म्हणून तक्रारी होतात. १९७५ मध्ये तो देशाचे अधिकृत प्रतीक झाला. त्याची शिकारही चालू आहे, परवान्याने आणि हंगामात. कातडी विकली जातात, मांस अजूनही रानातल्या घरांत शिजते. दातेरी जबड्यांचे जुने सापळे गेले, आणि जनावर किती वेळात मरावे याची मानके ठरवणारा करार कॅनडा आणि युरोपीय देशांमध्ये १९९७ मध्ये झाला.

अनाहारिओने १९७२ मध्ये आपली बाजू पुस्तकात मांडली. त्यात तिने त्याला देव केले नाही आणि भामटाही केले नाही. प्राण्यांसाठी ती शेवटपर्यंत झगडत राहिली. १९८३ मध्ये तिला ऑर्डर ऑफ कॅनडा हा सन्मान मिळाला, १९८६ मध्ये ती गेली. अजवानच्या काठावर ती झोपडी अजून उभी आहे. तिथे मोटार जात नाही. रानातून वीस किलोमीटर चालत किंवा होडी वल्हवत जावे लागते. झोपडीच्या मागच्या चढावर तीन कबरी आहेत: त्याची, अनाहारिओची आणि मुलगी डॉनची.